घाण्यातून उभं राहिलेलं रिंगण

(दृश्य : सपाट माळ, ऑलिव्हची झाडं. क्षितिजावर एकच उंच इमारत.)

ट्युनिशियाच्या या मुलखात बराच वेळ ऑलिव्हच्या रांगाच सोबतीला असतात. ना डोंगर, ना नदी. आणि मग गावातल्या बुटक्या घरांच्या डोक्यावरून एकदम हे समोर येतं : झुंजींचे खेळ पाहायला बांधलेलं रोमन रिंगण.

गावाचं नाव एल जेम. रोमन काळात थिस्ड्रस. बसमधून उतरणारे पाहुणे याला ‘छोटं कोलोसियम’ म्हणतात, आणि आराखडा तिथलाच घेतलाय हे खरं. पण रोमचं कोलोसियम सम्राटांनी युद्धातल्या लुटीवर बांधलं. इथला पैसा या झाडांचा आहे. म्हणून आम्ही याला छोटं म्हणणार नाही.

(दृश्य : झाडाखाली अंथरलेलं कापड, त्यावर पडणारी फळं.)

फळं झोडपायची, वेचायची, घाण्यात भरडायची, दाबून तेल काढायचं. हे तेल रोममध्ये दिव्यात जळायचं, ताटात पडायचं, हमामखान्यात अंगाला लागायचं. थिस्ड्रसचा माल जवळच्या सलेक्तम बंदरातून जहाजांवर चढे. रोमच्या ऑस्टिया बंदरात व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा एक चौक आहे. तिथल्या फरशीवर आजही मोझेकमध्ये, म्हणजे दगडाचे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रात, सलेक्तमच्या जहाजवाल्यांचं नाव वाचता येतं.

(दृश्य : कमानी, खालून वर.)

लांबी १४८ मीटर, रुंदी १२२, उंची सुमारे ३६. जवळपास ३५ हजार माणसं बसतील एवढी जागा. गावातलं हे पहिलं रिंगण नव्हे. आधीचं टेकडीच्या मऊ खडकात कोरलेलं होतं. हे मात्र सपाट जमिनीवर, कशाचाही आधार न घेता उभं केलं. टेकायला डोंगर नाही म्हटल्यावर सगळा भार कमानींनी पेलायचा. एक कमान दुसरीला रेटते, दुसरी तिसरीला, आणि लंबवर्तुळ पुरं होईपर्यंत कुणालाच सैल पडायची सोय नाही.

(दृश्य : एका दगडावर अगदी जवळून कॅमेरा.)

हा दगड पाहा. पिवळसर, हात फिरवला की वाळू सुटते. आणला समुद्रकाठच्या खाणींतून, सुमारे ३० किलोमीटरवरून. मधोमध भोक दिसतंय? दगड उचलताना लोखंडी चिमट्याचे दात धरायला पाथरवटाने ते पाडलं. शेजारच्या दगडावरही तसंच, त्याच्या शेजारीही. एवढ्या भिंतीत जितके दगड, तितक्या वेळा कुणीतरी टाकी चालवलीय.

बांधकाम तिसऱ्या शतकातलं, इसवी सन २३८ च्या आसपासचं. त्याच साली इथल्या जमीनदारांच्या तरुण पोरांनी, शेतावरची माणसं हाताशी धरून, करासाठी पिळणारा सम्राटाचा अधिकारी मारला आणि ऐंशीच्या घरातल्या गव्हर्नर गॉर्डियनला सम्राट म्हणून पुढे केलं. त्याचं राज्य तीन आठवडे टिकलं.

(दृश्य : रिंगणाखालचा बोगदा.)

रिंगणाखाली हे बोळ. दोन्ही बाजूंना कोठड्या, वर उघडी फट. जनावरांचे पिंजरे इथूनच वर जायचे. याच गावात सापडलेलं एक मोझेक आता ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयात आहे : पाच माणसं मेजाशी खातपीत बसलीयत, पुढ्यात पाच बैल पहुडलेत, आणि चित्रातच लिहिलंय, ‘शांत! बैलांना झोपू द्या.’ दुसऱ्या दिवशी ते रिंगणात उतरणार असतात. माणसंही उतरायची.

सातव्या शतकात इथल्या मूळच्या बर्बर लोकांची राणी काहिना हिने अरब फौजांविरुद्ध याचा किल्ला केला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इथून समुद्रापर्यंत भुयार होतं म्हणतात. गावातला कुणीही सांगेल.

(दृश्य : भिंतीतलं खिंडार. मग गावातल्या घरांच्या भिंती.)

सतराव्या शतकाच्या अखेरीस बंडखोर आत लपू नयेत म्हणून ट्युनिसच्या शासकाच्या, म्हणजे बेच्या, फौजेने भिंत फोडली. पडलेला दगड घरांना लागला. १९७९ मध्ये युनेस्कोने हे जागतिक वारसा म्हणून नोंदवलं.

उन्हाळ्यात इथे वाद्यवृंदाचा महोत्सव भरतो. पायऱ्या पुन्हा भरतात.

(दृश्य : संध्याकाळ. वादक वाद्यं जुळवताहेत. खिंडारातून मावळतीचं ऊन आत येतं. येथून शेवटपर्यंत निवेदन नाही.)