साडेचौदा मिलिमीटरचं पितळ

(दृश्य: अंधारी पडवी, एकच दिवा. वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेलं मॉडेल रेल्वेचं वीतभर इंजिन. दोन हात, एक चिमटा.)

हे हात नीट बघा. उद्यमबागेतल्या कारखान्यात या हातांनी उभं आयुष्य लेथवर काढलं. हायड्रॉलिक पंपांचे सुटे भाग कातले. आता तेच हात या इंजिनाच्या पोटातून तांब्याची एक पट्टी सोडवतायत. केसाहून जराशी जाड. ती वाकली की चाकाला टेकत नाही. टेकली नाही की रुळातली वीज मोटरपर्यंत पोचत नाही आणि गाडी जागच्या जागी उभी राहते.

आम्ही सगळे यांना काका म्हणतो. नाव घ्यायचं नाही, ही चित्रीकरणाला त्यांची एकच अट होती.

(दृश्य: तिसऱ्या रेल्वे गेटाजवळची सकाळ. मालगाडी जाते.)

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं काकांचं घर. मागच्या पडवीत छोटं लेथ, भिंतीला कानशी, आणि एका रुंद फळीवर लंबगोल रूळ मांडलेले. एचओ मापाचे. म्हणजे खरी गाडी ८७ मीटर लांब असेल तर इथली एक मीटर. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, आणि रुळांतून जास्तीत जास्त १२ व्होल्टची वीज.

दर रविवारी इथं माणसं येतात. शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी. अलीकडं धारवाडकडची पोरंही येतात, त्यांच्याशी काका कन्नडमध्ये बोलतात. कुणाचं इंजिन परदेशातल्या भावानं पाठवलेलं, कुणाचं मुंबईत जुन्या बाजारात सापडलेलं. निपाणीला तर रेल्वेच नाही, पण तिथल्या एका शाळकरी मुलीकडं चार इंजिनं आहेत आणि ती चारही इथं दुरुस्त झालीत. काका कुणाकडून पैसे घेत नाहीत.

मी खानापूरची. सहा वर्षांपूर्वी, ऐन पावसात, पहिल्यांदा इथं आले. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जुनं डिझेल इंजिन होतं. एका दुकानदारानं ‘मोटर जळली, आता हे शोभेला ठेवा’ असं सांगून ते परत केलेलं. मला वाटलं, काका ते ठेवून घेतील आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणतील. त्यांनी इंजिन हातात घेतलंच नाही. स्टूल पुढं सरकवलं.

‘बस. तूच उघड. मी सांगतो.’

(दृश्य: मिसळणाचा जुना डबा. वाट्यांमध्ये मसाल्यांऐवजी स्क्रू, स्प्रिंगा, चाकं.)

हा मिसळणाचा डबा काकूंचा. काढलेला पहिला स्क्रू पहिल्या वाटीत, दुसरा दुसरीत. जोडताना उलट्या क्रमानं जायचं. एवढ्या साध्या गोष्टीनं माझ्या हातांची थरथर थांबली.

कवच निघालं आणि आत पिवळट, मेणासारखं काहीतरी दिसलं. ते ग्रीस होतं. वर्षानुवर्षं पडून घट्ट झालेलं, आणि त्यात वर्म गिअर, म्हणजे मोटरचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा आटेदार दांडा, रुतून बसलेला. काका म्हणाले, ‘मोटर जळली नाही गं. तिचे पाय चिखलात अडकलेत.’

मग मोटर खोलली. आर्मेचर म्हणजे मोटरचा आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग. त्याच्या टोकाला तांब्याचा कम्युटेटर असतो, या मोटरच्या कम्युटेटरला तीन फटी. त्यावर घासून आत वीज देणारा कार्बनचा तुकडा झिजत जातो तशी त्याची काळी पूड या फटींत भरते आणि वीज नको तिथून जायला लागते. ती पूड दातकोरण्याच्या लाकडी काडीनं काढायची. सुई लावायची नाही, तांब्यावर ओरखडे उठतात. मग मल्टिमीटर लावून फटींमधल्या तांब्याच्या तीन तुकड्यांच्या तीनही जोड्या तपासायच्या. आकडा तिन्ही वेळा सारखा आला तर आतली तार शाबूत आहे. माझा सारखा आला. तेव्हा काकांनी माझ्याकडं बघितलं तसं माझ्या वडिलांनी दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं.

शेवटी तेल. सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्त झालं की कार्बनवर उतरतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात पुन्हा हेच सगळं करावं लागतं.

सव्वातीन तास लागले. काका एकटे बसले असते तर अर्ध्या तासात उठले असते. उरलेला सगळा वेळ त्यांनी मला दिला होता, आणि हे माझ्या लक्षात आलं ते घरी जाताना, बसमध्ये.

आमच्याकडं पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. रुळांवर काळपट थर चढतो, गाडी अडखळते आणि लोक घाबरून पॉलिश पेपर मारतात. काका तो मारू देत नाहीत. कागदाचे बारीक चरे पडतात आणि त्याच चऱ्यांत घाण आणखी घट्ट बसते. सुती फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसायचं. गाड्या ठेवायच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. हे ते दर जूनमध्ये प्रत्येकाला सांगतात, पुन्हा पहिल्यापासून, न कंटाळता.

(दृश्य: तळहातावर पितळेचा छोटा ठोकळा.)

त्या पहिल्या दिवशी निघताना त्यांनी हे माझ्या हातात ठेवलं. पितळेचा तुकडा, रुंदी साडेचौदा मिलिमीटर. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये एवढं अंतर हवं. चाक आसावर थोडं जरी सरकलं तरी गाडी सरळ रुळावर नीट धावते आणि सांध्यावर, म्हणजे रूळ बदलायच्या जागी, आली की घसरते. माणूस रुळाला दोष देत बसतो. हा तुकडा चाकांमध्ये धरला की दोष कळतो. काका असे तुकडे लेथवर स्वतः कातून ठेवतात आणि येईल त्याला एक देतात. माझ्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला तो कायम असतो.

सगळंच दुरुस्त होतं असं नाही. एकदा शहापूरचे एक आजोबा दुसऱ्या महायुद्धाआधीचं इंजिन घेऊन आले. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, तडे गेलेला, हात लावताच कोपरे निखळत होते. त्या काळच्या ओतकामात शिशाचा अंश राहून गेला की धातू वर्षानुवर्षं आतून फुगत जातो. त्याला इलाज नाही. बेळगाव फाउंड्रीचं गाव, ओतकाम बिघडलं म्हणजे काय ते आजोबांनाही कळत होतं. काकांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. ‘हे वाचत नाही,’ म्हणाले, आणि मग विचारलं, ‘मापं घेऊ काय?’ पाच रविवार आजोबा शेजारी बसून होते. पितळेच्या पत्र्यातून नवा सांगाडा उभा राहिला, जुनी चाकं आणि जुनी मोटर त्यात बसली. मोटरचं चुंबक काढताना काकांनी आधी त्याला लोखंडी पट्टी चिकटवली. जुनी चुंबकं नुसतीच बाहेर काढली की त्यांची ताकद उतरते.

याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. नांगर, पंप, इंजिनं हे सगळं नंतरचं. या पडवीत बसलं की मला ते दुकान दिसायला लागतं.

(दृश्य: फळीवर पितळेची नळी, सहा मोठी चाकं, धूळ.)

आणि हे काकांचं स्वतःचं इंजिन. वायपी, मीटरगेजचं वाफेचं इंजिन. त्यांच्या लहानपणी घरामागून रोज जायचं. पुढं मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आली, तरी बेळगावची गाडी मीटरगेजवरच राहिली, पुण्याला जायचं तर मिरजेला उतरून गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात इथले रूळ रुंद झाले आणि ती इंजिनं गेली. मीटरगेजचे हजार मिलिमीटर ८७ नं भागले की साडेअकरा येतात, म्हणून या मापात त्यासाठी १२ मिलिमीटरचा रूळ वापरतात. बॉयलरची नळी कापून झाली त्याला दोन वर्षं झाली. पुढं काम सरकलं नाही, कारण रविवार आमच्या इंजिनांत जातात.

(दृश्य: पडवी. पाच-सहा जण. मधल्या स्टुलावर काका.)

गेल्या रविवारी आम्ही कुणीच बिघडलेलं इंजिन नेलं नाही. मिसळणाचा डबा रिकामा करून ठेवला आणि स्टूल काकांपुढं सरकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसला आणि नळी उचलली.

बारा मिलिमीटरच्या रुळाला साडेचौदाचा तुकडा चालत नाही. नवा, अरुंद कातायला हवा. तो मी कातला, त्यांच्याच लेथवर. काकांनी मायक्रोमीटर लावला, दिव्याखाली धरून आकडा वाचला आणि तुकडा माझ्या हातात परत दिला.

‘जरासा जाड हाय. परत लाव.’