नुसती सही तर हाय

(पडद्यावर पिवळा पडलेला छापील अर्ज)

हा कर्जमागणी अर्ज. वर कर्जदाराचा फोटो, खाली दोन चौकोनांत आणखी दोन फोटो. सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. डाव्या चौकोनात काळ्याभोर मिशांचे माझे वडील आहेत. जामीनदार क्रमांक एक.

कर्ज त्यांच्या तालमीतल्या मित्राचं. त्याला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुनी लेथ मशीन घ्यायची होती. रक्कम तीन लाख, एका पतसंस्थेकडून. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी तो अर्ज घेऊन आला आणि चहाला उकळी फुटेपर्यंत सगळं उरकलं. "नुसती सही तर हाय रं," म्हणाला. वडिलांनी चष्मासुद्धा लावला नाही. आमच्याकडे अशा वेळी कागद वाचत बसणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं.

दोन वर्षं हप्ते गेले. मग फौंड्रीची कामं आटली आणि मित्राचा हप्ता थांबला. पहिली नोटीस आली ती आमच्या घरी.

वडिलांचा पहिला प्रश्न तोच, जो प्रत्येक जामीनदाराचा असतो. "पैसे त्यानं घेतले, आधी त्याची लेथ विका की. मला कशाला?"

याचं उत्तर 1872 सालच्या भारतीय करार कायद्यात आहे. कलम 128 म्हणतं, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी तो, मग हा, असा क्रम त्यात नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात खालच्या कोर्टानं तसा क्रम लावला होता: आधी कर्जदाराकडून वसुली करा, जमलं नाही तरच जामीनदाराकडे जा. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली. धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, आधी कर्जदाराच्या मागं पळायला लावलं, तर जामीन घेण्याचा हेतूच संपतो, असं न्यायालयाचं म्हणणं. मला विचाराल तर अर्जावरचा 'जामीनदार' हा शब्द खोडून तिथं 'दुसरा कर्जदार' असं छापायला हवं. निम्म्या सह्या तिथंच थांबतील.

संस्थेची बाजूही सांगायला हवी. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. कर्ज बुडालं तर कुणातरी म्हातारीची ठेव बुडते. त्यामुळं वसुली अधिकारी जिथं पैसा लवकर हाती लागेल तिथं आधी जातो. आणि लेथपेक्षा पगार सोपा. अर्जाच्या मागं आणखी एक कागद टाचलेला असतो, पगारकपातीचं हमीपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 चा त्याला आधार आहे. वडिलांनी त्यावरही सही केली होती, त्याच चहाच्या वेळेत.

(पडद्यावर शिक्का मारलेला वसुली दाखला)

मग त्याच अधिनियमाचं कलम 101. संस्था सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं अर्ज करते. जामीनदारालाही नोटीस येते, म्हणणं मांडता येतं. वडील त्या तारखेला गेलेच नाहीत. मित्र म्हणाला होता, मी बघतो. दाखला निघाला, दोघांच्याही नावानं. हा दाखला मिळाला की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. त्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडं जाता येतं, पण दारातच निम्मी रक्कम भरावी लागते. त्याच्या पुढची पायरी उच्च न्यायालय. तेव्हा त्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. एवढा खर्च तरी वाचला. निम्मी रक्कम भरण्याची अट मात्र आहे तशीच आहे.

वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. घरात त्या महिन्यापासून दुधाचा रतीब अर्ध्यावर आला, एवढंच मला आठवतं.

पुष्कळ वर्षांनी एका वकिलांना मी हा अर्ज दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "कर्ज मध्येच वाढवून दिलं होतं का? जामीनदाराला न विचारता?" तसं असेल तर करार कायद्याच्या कलम 133 खाली त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो. नव्हतं. "तारण संस्थेच्या हातून गेलं का?" तसं असेल तर कलम 141 खाली त्या किमतीपुरता सुटतो. तेही नव्हतं. "दुसरा जामीनदार कुठाय?" तो होता, फुलेवाडीला. कलम 146 प्रमाणं जामीनदारांचा वाटा आपसात सारखा. त्याच्याकडून एक रुपयाही गेला नव्हता, आणि वडिलांनी कधी मागितलाही नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "मित्रावर दावा का नाही लावला?" भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत घ्यायचा हक्क कलम 145 देतं. मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं.

घरी येऊन मी वडिलांना हे सांगितलं. ते उठले, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत कपातीच्या सगळ्या पावत्या, महिन्याच्या क्रमानं, सुतळीनं बांधलेल्या.

"मुदतीचं ठावं होतं मला," म्हणाले.

तेवढ्यात खालून हाक आली, "पैलवान, येताय न्हवं?" पेटी तशीच उघडी टाकून वडील चपला घालायला गेले. संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर फिरायला जातात.