सुट्टी मिळाली, मैदानाची किल्ली कुणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज रविवार. कुणाच्या घरी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असेल, कुणी मटणाच्या रांगेत उभं राहून मोबाइलवर हे ऐकत असेल. ज्यांना आज सुट्टी आहे त्यांच्याशी मला आधी या सुट्टीबद्दलच बोलायचंय.

हा रविवार आपल्याला कुणी आंदण दिलेला नाही. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं एक अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. दुपारी भाकरी खायला अर्धा तास मिळावा म्हणून अर्ज! हे पदरात पडायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहाएक हजार कामगारांची सभा भरली, तिथे गिरणीतल्या दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी कबूल केली आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. त्या दोघींना सुट्टी मिळाली ती गिरणीतून. चुलीपासून नाही. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

तर वेळ मिळाला. त्या वेळात करायचं काय आणि करायचं कुठे, हे दोन प्रश्न उरले. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्याचं उत्तर शाळेनं द्यायचं आणि दुसऱ्याचं सरकारनं. मी स्वतः तीस वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, पोरांच्या भाषेत पीटीचे सर. त्यामुळे पहिल्या उत्तरात माझाही दोष आहे. तो मी कबूल करीन, पण आधी सरकारचं बघू.

आपल्याकडे सरकार आणि करमणूक यांची ओळख झाली ती जरा वाकड्या वाटेनं. १८७६ मध्ये इंग्रजांनी नाटकांच्या प्रयोगांवर नियंत्रण ठेवायला कायदा केला, आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर बसवला. म्हणजे आधी कात्री आली आणि मागून गल्ला. देण्याचं खातं फार उशिरा उघडलं.

त्याच काळात कोल्हापुरात मात्र निराळं चाललं होतं. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले, आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. तिथे गेला असाल तर आठवा. मधोमध तांबडी माती आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. अगदी शेवटी बसलेल्या माणसालाही पैलवानाचा हात कुठं अडकलाय ते दिसतं. मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते. आणि ज्या राजानं मैदान बांधलं, नाटकघर बांधलं, त्यानंच १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाळा, आखाडा आणि रंगमंच हे एकाच दौलतीचे खर्च आहेत हे त्याला कळत होतं. आपल्या सरकारांत ती तीन वेगळी खाती असतात आणि तिन्ही खाती एकमेकांना पत्रं लिहितात.

स्वातंत्र्यानंतर घटनेत कलम ४३ आलं. कामगाराला माणसासारखं जगता येईल अशी मजुरी मिळावी आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता यावा, यासाठी राज्यानं झटावं, असं ते सांगतं. फुरसत हा शब्द घटनेत आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. अर्थात हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पण मुंबई राज्यानं ते अगदीच कागदावर ठेवलं नाही. १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालली, तिथे कॅरम आला, वाचनालय आलं, शिवणवर्ग आले, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून राजा व्हायचा. निधीत पैसा कुठून यायचा, ते ऐकण्यासारखं आहे. कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांची वर्गणी पुढे आलीच. शिवाय कामगारांच्या पगारातून कापलेला दंड आणि कुणी घ्यायलाच न आलेला पगार, हेही त्याच निधीत. उशिरा आल्याबद्दल ज्याचा दंड कापला, त्याच्याच पैशातून कॅरमच्या सोंगट्या! मला ही तरतूद फार आवडते.

आता कुठे खेळायचं, त्याबद्दल. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा काही जमिनींवर आरक्षण पडतं. ‘खेळाचं मैदान’, ‘उद्यान’. नकाशात हिरवा रंग भरला जातो आणि आपण निवांत होतो. पण नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं ती जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत, सध्या ती चोवीस महिन्यांची आहे, पालिकेनं जमीन घ्यायला पाऊल उचललं नाही, तर आरक्षण आपोआप जातं. मालकाचंही चुकत नाही. दहा वर्षं त्याची जमीन अडकवायची, पैसे द्यायचे नाहीत आणि वर त्यानं गप्प बसायचं, हा कुठला न्याय? गोम अशी, की मैदान असं गेलं तर त्याची बोंब होत नाही. झाड तोडलं तर दिसतं, इमारत पडली तर आवाज होतो. नकाशावरचं मैदान निजल्या जागी मरतं. पाच वर्षांनी तिथे सातमजली इमारत उभी राहते आणि तिच्या पार्किंगमध्ये पोरं प्लास्टिकच्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. गाडीच्या काचेला लागला की आउट.

बागांमध्ये ठिकठिकाणी बसवलेल्या ओपन जिमबद्दल मी बोलणार नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचं काय होतं, ते तुम्हीच जाऊन बघा.

आता माझा दोष. वेळापत्रकात आठवड्याला पीटीचे तास असत. जानेवारी उजाडला की गणिताच्या बाई दारात उभ्या, ‘सर, तुमचा तास देता का? पोर्शन राहिलाय.’ मी द्यायचो. दर वर्षी द्यायचो. आणि जे तास उरायचे त्यांत मी काय करायचो? वर्गात साठ मुलं, कबड्डीचा संघ बाराचा. तालुक्याला नंबर यायला हवा म्हणून मी त्या बारा जणांना घाम काढून शिकवायचो. उरलेले अठ्ठेचाळीस चुन्याच्या रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवायचे. त्यांना मी टाळ्या वाजवायला शिकवलं. आज ते पन्नाशीला आलेत, आणि रविवारी काय करतात? तेच. कोचावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघतात. शाळेनं जिंकणारे घडवायचे, हे मला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. साठाव्या वर्षीही ज्याचा कंटाळा येणार नाही असं काहीतरी साठच्या साठ जणांच्या हाती लागावं, मग तो खेळ असो, ढोलकी असो की वाचन, एवढं मी केलं असतं तरी पुष्कळ होतं.

निवृत्त झाल्यावर एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपू लागली. आमच्या भागात एका शाळेचं मैदान आहे. रविवारी फाटकाला हे एवढं पितळी कुलूप, आणि बाहेर बॅट घेतलेली पोरं. धाडसी पोरं फाटकावर चढतात, वरच्या भाल्यांत चड्डी अडकून फाटते. शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान हवं म्हणतो, वाचनालयही हवं म्हणतो. शाळा सुटल्यावर ते कुणाचं, याबद्दल तो गप्प आहे. मी संस्थेच्या कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, ‘कुणाचा हात-पाय मोडला तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पालिकेनं द्यायला हवं. मुलांचा विमा, पहारेकऱ्याचे रविवारचे पैसे, झाडलोट, आणि या सगळ्याचा एक लेखी करार. नवी जमीन घ्यायला कोट्यवधी लागतील. हे कुलूप उघडायला एका माणसाचा अर्ध्या दिवसाचा रोज लागतो.

सहा महिने चकरा मारल्यावर, माझ्या सहीच्या हमीपत्रावर, रविवारी सात ते नऊ मैदान मिळालं. पहिल्या रविवारी अकरा मुलगे आले. मुलगी एकही नाही. मला वाटलं, आयांनी सोडलं नसेल. चौथ्या रविवारी पहारेकऱ्याच्या बायकोनं माझ्या लक्षात आणून दिलं. ‘सर, मुलींची मोरी बंद असते ना रविवारी.’ तीस वर्षं मास्तरकी केली आणि हे मला सुचलं नव्हतं. मोरी उघडली. पुढच्या रविवारी पाच मुली आल्या, आणि दोघीतिघींच्या आया.

त्यांतली एक बाई कट्ट्यावर पदर सावरून बसली होती. सव्वाआठ वाजले. घरी नाश्त्याची वेळ झाली म्हणून तीनदा उठली आणि तीनदा बसली. गिरणीतल्या त्या दोघींसारखीच हिचीही चूल सुटलेली नव्हती. शेवटी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘सर, रिंग आहे का हो? शाळेत असताना खेळायचे मी.’

रिंग आहे. क्रीडासाहित्याच्या कपाटात दोन आहेत, मीच आणल्या होत्या. कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंकडे असते आणि त्या सोमवारी येतात.

नमस्कार.