क्रोधीनाम संवत्सरे

[दृश्य : जुना कागद, त्यावर भिंग. भिंगाखाली हळूहळू सरकणारं बोट.]

हे बोट माझ्या आत्याचं. वय एकाहत्तर, मुक्काम मंगळवार पेठ. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि आता तिची पहिली कादंबरी छापायला निघाली आहे. विषय, १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे गडांची पिढीजात राखण करणाऱ्यांचं, बंड. कोल्हापुरात वाढूनही हे बंड मला आत्याकडूनच कळलं. तुमचंही तसंच असेल तर लाजू नका.

भिंगाखालचा कागद बंडाचा नाही. दप्तरखान्यातल्या कागदांचं चित्रीकरण आम्हाला करता आलं नाही, म्हणून घरच्या ट्रंकेतला हा एक जुना हिशेब. लिपी मात्र तीच, मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठं तोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

[दृश्य : बोट एका जागी थांबतं.]

या ओळीशी आत्या पंधरा दिवस अडली होती. ती वाचत होती ‘दाणाचारा’. जनावरांचा हिशेब असणार, असं धरून चालली होती. मग एका सकाळी चहा गाळता गाळता तिला उमगलं, तिथं लिहिलंय ‘दाणा चार मास’. चार महिन्यांचं धान्य! कादंबरीतल्या गडकऱ्याच्या घरात कणगीत चार महिन्यांचं धान्य आहे, ते या एका ओळीतनं आलं.

मोडी ती साठीनंतर शिकली. आधी बाराखडी, मग छापील धडे, मग खरे कागद. छापील धड्यांवर पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी आत्या पहिल्या खऱ्या कागदापुढं रडकुंडीला आली होती, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. त्यात ‘मौ।’ म्हणजे मौजे, अशी अर्धवट तोडलेली शब्दांची पिलावळ. आणि तारखा! ‘खमस अर्बैन मयातैन व अलफ’. पाच, चाळीस, दोनशे आणि हजार. झाला सुहूर सन १२४५, जुन्या मराठी कागदांतली अरबी शब्दांत लिहायची वर्षगणना. त्यात ५९९ मिळवा. १८४४ चा पावसाळा हातात येतो. इथं गणिताच्या बाई खूश. शकानं मोजलं तर १७६६, संवत्सराचं नाव क्रोधी. बंडाच्या वर्षाला याहून चांगलं नाव कुणाला सुचलं नसतं. प्रकाशकांना शीर्षकात तलवार हवी होती, आत्याला हे संवत्सर हवं होतं. आमच्या फिल्मला तरी आम्ही ते देऊन टाकलं.

[दृश्य : सामानगड, गडहिंग्लज तालुका. सकाळचं धुकं. आत्या विहिरीच्या पायऱ्या उतरते आहे.]

सामानगडावरची ही कमानींची विहीर. एकामागून एक कमान, आणि खाली काळोखात पाणी. आत्या पायऱ्या मोजत उतरली, भरली कळशी घेऊन वर आली आणि घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. कादंबरीचं पहिलं प्रकरण तेवढ्या सहा मिनिटांचं आहे. पाण्याला गेलेली गडकऱ्याची सून वर येते, तोवर गडाचे दरवाजे लागलेले असतात.

दरवाजे का लागले? कोल्हापूरच्या गादीवरचे महाराज वयानं लहान होते आणि इंग्रजांनी कारभार दाजी कृष्ण पंडितांकडे दिला होता. गडाच्या पिढीजात राखणीबद्दल गडकऱ्यांकडं जमिनी होत्या. त्यांचा कारभार मामलेदारांकडे गेला, तसा सामानगड आणि भुदरगड बिथरले. जुलैत दरवाजे बंद झाले.

“मी तलवारी मोजायला बसलो नाही,” आत्या म्हणते. “त्या दिवशी चुलीवर काय होतं, ते शोधत बसलो.”

[दृश्य : पन्हाळा. घाटातून वर येणारी गाडी.]

१३ ऑक्टोबरला सामानगड इंग्रजांच्या हाती पडला, १ डिसेंबरला पन्हाळा. पन्हाळ्याचा ‘चार दरवाजा’ पाडला गेला, आणि गडकऱ्यांची पिढीजात चाकरी संपली.

[दृश्य : आत्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल. प्रूफांचा गठ्ठा, लाल पेन.]

आता मात्र खरी लढाई. प्रूफं तपासणारे गृहस्थ पुण्याचे, कामाला चोख. कादंबरीतली सून म्हणते, ‘मी पाण्याला जातो.’ त्यांनी प्रत्येक ठिकाणी ‘जाते’ केलं. पहिल्या प्रकरणात असे एकोणीस ‘जाते’, ‘येते’, ‘करते’. आत्यानं प्रत्येकाखाली टिंबं काढून समासात लिहिलं, ‘राहू द्या.’ एकोणीस वेळा. विसाव्या वेळी फोन लावला.

“अहो, आमच्याकडं बायका जातोच म्हणतात. मीसुद्धा आत्ता तुमच्याशी बोलतोय की!”

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हसू ऐकू आलं.

[दृश्य : उद्यमनगरातला छापखाना. कागदाचे ताव, यंत्राचा आवाज.]

पुस्तक भरलं ३८७ पानं. सोळा पानांचा एक फर्मा, चोवीस फर्म्यांची ३८४. वरच्या तीन पानांसाठी पंचविसावा फर्मा, म्हणजे खर्च. पैसे निम्मे आत्याचे, त्यामुळं तीन पानं कापायची ठरली. इंग्रजांच्या कर्नल ओव्हान्सला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवलं, तो प्रसंग तिनं रंगवून लिहिला होता. सगळ्यांना आवडलेला. तोच गेला. धान्याची कणगी राहिली. मला हे पटलेलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलंही आहे.

फाँट बदलताना जोडाक्षरं फुटली, ती दोन दिवसांत सांधली. पाचशे प्रती निघायच्या आहेत. विकायच्या कशा, ते अजून कुणी बोललेलं नाही.

[दृश्य : संगणकापुढं अक्षरजुळणी करणारा मुलगा. हातात शेवटच्या प्रूफाचं पान.]

या पानावर आत्यानं लिहिलं, ‘छापावे’, आणि खाली सही केली. सवयीनं, मोडीत.

मुलानं पान सरळ धरून बघितलं, मग उलटं धरून.

“काकू, हे काय लिवलंय?”

[निवेदन नाही. आत्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते, पान मागते आणि पट्टी घेऊन एक आडवी रेघ ओढते. यंत्राचा आवाज चालू.]