पौषातलं आकाश आणि काक्षीचा सोबती

नमस्कार मंडळी. नव्या 2026 सालच्या पहिल्याच संध्याकाळी एवढ्या थंडीत आलात, त्याबद्दल आधी आभार. आता एक वाईट बातमी सांगून टाकतो. परवा, 3 जानेवारीला, पौष पौर्णिमा आहे. त्यामुळे या आठवड्यात तेजोमेघ वगैरे पाहायचा नाद सोडा. क्वाड्रंटिड्सचा उल्कावर्षावही याच पौर्णिमेत बुडणार. अंधार हवा असेल तर 18 तारखेच्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री मोकळ्या ठेवा. शुक्र आणि मंगळ हे दोघंही महिनाभर सूर्याच्या तेजात लपलेले आहेत, त्यांना शोधू नका. शनी संध्याकाळी पश्चिमेला आहे आणि 23 तारखेला चंद्रकोर त्याच्याजवळ येईल. गेल्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती. ती अजून पुरेशी उघडलेली नाहीत, तेव्हा दुर्बिणीतून एक बारीक रेघ दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

या महिन्याचा राजा म्हणजे गुरू. 10 तारखेला तो सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे पूर्वेला गुरू उगवणार आणि रात्रभर दिसणार. अंतर साधारण 63 कोटी किलोमीटर. सध्या तो मिथुनेत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे. परवाच्या रात्री पौर्णिमेचा चंद्र त्याच्या शेजारीच असेल, त्यामुळे ओळखायला पंचांग नको.

घरात साधा दहा बाय पन्नासचा बायनॉक्युलर असला तरी पुरे. फक्त हातात धरून उभे राहू नका, कोपर गच्चीच्या कठड्यावर टेका. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. 1610 साली 7 जानेवारीच्या रात्री पडवामध्ये गॅलिलिओने हेच ठिपके पाहिले. त्याला तीन दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि त्याला वाटलं, मागचे तारे असतील. दुसऱ्या रात्री पाहतो तर तिन्ही पश्चिमेला! 9 तारखेला आभाळ भरलेलं होतं. 10 तारखेला दोनच दिसले, तेही पूर्वेला. चौथा सापडायला 13 तारीख उजाडली. त्याची दुर्बीण आजच्या शाळकरी दुर्बिणीपेक्षा सुमार होती. पण तो रोज चित्र काढून ठेवत होता, म्हणून शोध त्याच्या नावावर लागला. तुम्हीही 7 तारखेपासून आठवडाभर वहीत एक गोल आणि ठिपके काढा. मुलांना ग्रहांची माहिती पाठ करायला लावण्यापेक्षा हे बरं.

गुरूचा विषय निघालाच आहे तर त्या पाहुण्याबद्दल बोलू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने गेले काही महिने उच्छाद मांडलाय. 3आय/अ‍ॅटलास हा धूमकेतू 1 जुलै 2025 ला चिलीतल्या दुर्बिणीने टिपला. त्याची कक्षा बंद नाही. तो सूर्यमालेबाहेरून आला आणि बाहेरच जाणार. असे पाहुणे आजवर तीनच सापडले: 2017 मध्ये औमुआमुआ, 2019 मध्ये बोरिसोव्ह आणि आता हा. यातला बोरिसोव्ह एका हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला, हे विसरू नका. 3आय 29 ऑक्टोबरला सूर्याजवळून गेला आणि 19 डिसेंबरला पृथ्वीपासून सुमारे 27 कोटी किलोमीटरवरून. 16 मार्चला तो गुरूजवळून जाईल आणि मग कायमचा रामराम. ते परग्रहवासीयांचं यान वगैरे जे फिरतंय, त्याला काडीचाही आधार नाही. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा खूप जास्त आढळलं, आणि मला विचाराल तर खरी गंमत त्यातच आहे. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याच्या अंगणात गोठलेला वायू आपण मोजतोय!

वेबचं नाव आलं म्हणून पुण्याची एक बातमी. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एक सर्पिल दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची चक्राकार वस्ती, शोधली आणि तिचं नाव ठेवलं अलकनंदा. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं तेव्हाची ही दीर्घिका, आणि तिला दोन सुबक भुजा आहेत. इतक्या लवकर अशी घडी बसलेली असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडाची, पण निरीक्षणं सगळ्यांना खुली, आणि शोध गणेशखिंडीत बसून लागला. ती तुम्हाला गच्चीवरून दिसणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

गच्चीवरून जे दिसतं त्याच्याकडे वळू. मृग. आपल्याकडे मृग म्हटलं की जून, पेरणी आणि पहिला पाऊस. पण त्या दिवसांत सूर्य मृगात असतो, म्हणजे मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. तो दिसतो तो आत्ता, पौषात. आठ वाजता पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. चार पायांचे चार तारे आणि मधोमध ओळीत तीन, तो व्याधाने मारलेला बाण. बाणाची रेघ खाली वाढवलीत तर खुद्द व्याध, वर वाढवलीत तर रोहिणी आणि पुढे कृत्तिका. चार पायांपैकी एक निळसर पांढरा आहे, तो राजन्य. त्याच्या कोपऱ्यासमोरचा तांबूस तो काक्षी, इंग्रजीत बीटलज्यूस. पंचांगातल्या आर्द्रा नक्षत्राचा ताराही हाच.

हा तारा आपल्यापासून पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा गिळून लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचेल. 2019 च्या अखेरीस तो मंदावायला लागला, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तर नेहमीच्या जेमतेम एक तृतीयांश तेजाचा उरला. 'काक्षी फुटणार' म्हणून तेव्हाही बातम्या आल्या. पुढे कळलं की त्याने पोटातला वायू बाहेर टाकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती धूळ नेमकी आपल्या बाजूला आली. फुटेल तो, पण बहुधा लाखभर वर्षांनी.

आता या ताऱ्याच्या तेजाला दोन ताल आहेत. एक साधारण चारशे दिवसांचा, तो ताऱ्याच्या स्वतःच्या फुगण्या-आक्रसण्याचा. दुसरा जवळजवळ सहा वर्षांचा, आणि त्याचं कारण काही केल्या लागत नव्हतं. 2024 मध्ये दोन गटांनी गणित मांडलं की काक्षीला अगदी खेटून फिरणारा एक लहान तारा असावा. त्या गणिताप्रमाणे डिसेंबर 2024 मध्ये तो काक्षीच्या जास्तीत जास्त बाजूला यायला हवा होता. म्हणून तेव्हा हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने क्षणाक्षणाचे हजारो फोटो काढले. इतक्या लहान क्षणात हवेची थरथर गोठते, मग सगळे फोटो एकत्र करून चित्र काढतात. त्यात काक्षीला चिकटून एक फिकट ठिपका दिसला. काक्षीपेक्षा सुमारे अडीचशे पट मंद, वस्तुमान सूर्याच्या दीडपट. विशेष म्हणजे 2020 च्या फोटोंत तो नव्हता, आणि गणितानुसार तेव्हा तो दिसायलाच नको होता. तरीही पुरावा अजून कच्चा आहे. जुलै 2025 मध्ये आलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'संभाव्य' असा शब्द आहे, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला. नोव्हेंबर 2027 मध्ये तो पुन्हा बाजूला येईल, तेव्हा निकाल लागेल.

पण मुळात सहा वर्षांचा ताल आहे हे कळलं कशावरून? शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदींवरून. आणि त्यातल्या असंख्य नोंदी हौशी माणसांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या आहेत. अमेरिकेत 1911 पासून बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना आहे, तिच्याकडे जगातून कुणीही नोंद पाठवू शकतं. काक्षीसारख्या तेजस्वी ताऱ्याची तर मोठ्या दुर्बिणींना अडचणच होते, त्यांचे डोळे दिपतात. इथे आपण उपयोगी पडतो.

करायचं काय, ते सांगतो. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात, आणि आकडा लहान तेवढा तारा तेजस्वी. प्रश्वा (इंग्रजीत प्रोसियन) 0.4, रोहिणी 0.9, पुनर्वसूतला पोलक्स 1.1. रात्री दहानंतर हे सगळे पुरेसे वर असतात. क्षितिजाजवळच्या ताऱ्याशी तुलना करू नका, धुरळ्यात तो फसवतो. काक्षी प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा तेजस्वी वाटला, साधारण मधोमध, तर लिहा 0.6 किंवा 0.7. टक लावून पाहू नका. तांबडा तारा जितका वेळ पाहाल तितका उजळ वाटत जातो. झटकन एकाकडे, झटकन दुसऱ्याकडे, असं दोन-तीनदा करायचं. तारीख, वेळ, आकडा आणि कोणत्या ताऱ्यांशी तुलना केली, एवढं लिहायचं. काल किती लिहिलं होतं ते आधी बघायचं नाही, नाहीतर डोळ्यांऐवजी कालचा आकडाच बोलतो. दहा-पंधरा दिवसांतून एकदा केलंत तरी चालेल. मेमध्ये मृग सूर्याच्या मागे जाईल, तेवढी सुट्टी घ्या आणि ऑगस्टमध्ये पहाटे पुन्हा सुरू करा.

मागे वह्या ठेवल्यात, जाताना घेऊन जा. चहा झाला की गच्चीवर चढू. जिन्यात टॉर्च लावला तर लाल कागद गुंडाळून लावा.