नाट्यगृहातली दवंडी

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन अथेन्समध्ये वसंत ऋतूत डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव भरे आणि टेकडीच्या उतारावरील उघड्या नाट्यगृहात शोकांतिकांच्या स्पर्धा होत. हजारो माणसे आपापल्या जागी बसली आहेत, नाटकाची वाट पाहत आहेत, आणि तेवढ्यात दवंडीवाला पुढे येऊन सांगतो की अमुक मालकाने आपल्या अमुक गुलामाला मुक्त केले आहे, समस्त ग्रीक जनांनी याला साक्षी राहावे. एस्किनीस या वक्त्याने इ.स.पू. ३३० मधील एका भाषणात ही पूर्वीची प्रथा सांगितली आहे. त्याचा सूर मात्र तक्रारीचा आहे. या घोषणांचा सर्वांनाच उपद्रव होई आणि म्हणून पुढे कायदा करून त्या बंद करण्यात आल्या, असे तो म्हणतो.

मालकाची मिरवण्याची हौस त्यात होतीच, पण मुक्त झालेल्या माणसाच्या दृष्टीने ती दवंडी म्हणजे संरक्षण होते. उद्या कोणी हात धरून ‘हा माझा गुलाम’ असा दावा केला, तर उपयोगी पडणार ते साक्षीदारच. शिवाय मुक्ती म्हणजे नागरिकत्व नव्हे. सुटलेला गुलाम अथेन्समध्ये परका रहिवासी म्हणूनच राही, आणि त्याला एका नागरिकाचा आश्रय घ्यावा लागे. तो आश्रयदाता बहुधा जुना मालकच असे.

दवंडी संपल्यावर रंगभूमीवर जे दिसे, त्यातही गुलाम असत, पण ते पुराणकथेत ग्रीकांनी जिंकलेल्या ट्रॉय नगरीचे. शोकांतिकाकार युरिपिडीसच्या ‘हेक्युबा’मध्ये ट्रॉयची पदच्युत राणी ग्रीक सेनापती ॲगामेम्नॉनच्या पाया पडते, तेव्हा तो विचारतो की तुला मुक्ती हवी आहे का, ती तर सहज मिळेल. ती नको म्हणते. मुलाच्या खुन्याचा सूड मिळत असेल तर जन्मभर गुलामी पत्करेन, असे तिचे उत्तर आहे. पुढे तीच त्या सेनापतीला ऐकवते की मर्त्य माणसांत स्वतंत्र कोणीच नाही. कोणी पैशाचा दास, कोणी दैवाचा, तर कोणाला नगरातला जमाव आणि कायदे मनासारखे वागू देत नाहीत.

हे सारे पुराणकाळात ठेवण्याला कारण होते. इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे ग्रीकांचे शहर जिंकून तिथल्या बायकामुलांना गुलाम केले, आणि त्यावर फ्रिनिकस या नाटककाराने नाटक रचले, तेव्हा प्रेक्षागृह रडले; पण घरचे दुःख आठवून दिल्याबद्दल अथेन्सने त्याला १००० ड्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा करायला बंदी घातली. इ.स.पू. ४१५ मध्ये युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ सादर झाले, तेव्हा मेलोस बेटावरच्या बायकामुलांना अथेन्सनेच विकून थोडेच महिने लोटले होते. नाटकात मेलोसचे नावही नाही. मला ही दूरता कवीची युक्ती वाटते, तशीच प्रेक्षकांची सोयही वाटते, कारण लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या गुलामाला राणीचा भूतकाळ नव्हता आणि त्याची शोकांतिका कोणी लिहिली नाही.

खरी सामूहिक मुक्ती आली ती गरजेपोटी. इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसाय बेटांजवळच्या लढाईसाठी वल्ही मारायला माणसे पुरेनात, तेव्हा अथेन्सने ११० जहाजांवर स्वतंत्र माणसांबरोबर गुलामही चढवले, आणि त्यांना मुक्त करून नागरिकांत घेतले. पुढच्याच वर्षी ॲरिस्टोफेनीसने ‘बेडूक’ या प्रहसनात या निर्णयाची स्तुती केली. मात्र लगेच जोडून मागणी केली ती हक्क गमावलेल्या नागरिकांना परत घेण्याची. गुलामांची मुक्ती तिथे दुसऱ्यांच्या वकिलीत पुरावा म्हणून कामी आली.

त्याच प्रहसनात स्वतः डायोनिसस, चांगला शोकांतिकाकार उरला नाही म्हणून, मेलेल्या युरिपिडीसला परत आणायला पाताळात निघतो. सामान वाहायला गुलाम झँथियास बरोबर आहे. तळ्यापलीकडे मृतांच्या जगात नेणारा नावाडी कॅरॉन म्हणतो की त्या आरमारी लढाईत लढला नसेल तर गुलामाला नावेत घेणार नाही. झँथियास सांगतो, तेव्हा माझे डोळे आले होते. देव नावेत बसतो, आणि झँथियास तळ्याला वळसा घालून पायी निघतो.