ग्रहांनी हाकललेले धूमकेतू

सूर्यावरून निघालेला प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. नेपच्यून गाठायला त्याला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सूर्यमालेची बहुतेक चित्रं इथेच संपतात. पण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची सत्ता इथे संपत नाही. तिच्या सीमेपर्यंत जायला प्रकाशालाही वर्षाहून अधिक काळ लागतो.

तिथे पसरला आहे ऊर्टचा मेघ. गोठलेल्या, काळ्याकुट्ट गोळ्यांचं एक अफाट कवच. यातला एकही गोळा त्याच्या त्या दूरच्या ठिकाणी असताना आजवर कोणी पाहिलेला नाही. तरीही तो मेघ आहे, असं खगोलशास्त्रज्ञ ठामपणे म्हणतात. ते ज्या तर्काच्या बळावर म्हणतात, तो तर्क फार सुंदर आहे.

धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यातला बर्फ तापून वायू होतो आणि धुळीसकट उडून जातो. शेपटी दिसते ती त्यामुळेच. म्हणजे प्रत्येक फेरीत धूमकेतू झिजतो. सूर्यमालेचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. एवढ्या काळात सगळे धूमकेतू केव्हाच संपायला हवे होते. मग हे नवे येतात कुठून?

१९५० मध्ये नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी, कक्षा नेमक्या ठाऊक असलेले १९ धूमकेतू तपासले. त्यांतले बरेचसे पृथ्वी-सूर्य अंतराच्या २० हजार पटींहूनही लांबून आलेले निघाले. शिवाय दीर्घ मुदतीचे, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीला फार मोठा काळ घेणारे धूमकेतू ग्रहांच्या पातळीतून येत नाहीत, ते आकाशाच्या सगळ्या दिशांनी येतात. म्हणून हा साठा चपटा नाही, चहूबाजूंनी वेढणारा आहे.

मात्र हे गोळे तिथे जन्मलेले नाहीत. इतक्या दूर धूळ आणि वायू फारच विरळ होते, त्यांतून काही घडणं शक्यच नव्हतं. ते घडले सूर्याच्या कितीतरी जवळ, महाकाय ग्रहांच्या परिसरात. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांच्या ओढीने ते भिरकावले गेले. अनेक कायमचे निघून गेले. काही सीमेवर अडकले. जवळून जाणारे तारे आणि आकाशगंगेची ओढ यांनी त्यांच्या कक्षा आणखी बदलल्या. आज त्यातला एखादा पुन्हा सूर्याकडे घसरतो, तोही अशाच धक्क्याने.

कमी मुदतीचे बरेचसे धूमकेतू मात्र नेपच्यूनपलीकडच्या चपट्या प्रदेशातले. २०१४ मध्ये ज्यावर फिली यान उतरलं, तो चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को त्यांतलाच.

ऊर्टच्या मेघातून येणाऱ्यांपैकी एक सध्या वाटेत आहे. बर्नार्डिनेली-बर्नस्टाईन. त्याचा शोध २०२१ मध्ये जाहीर झाला. त्याचा गाभा शंभर किलोमीटरहूनही मोठा आहे, आजवर मोजलेल्या धूमकेतूंमध्ये अवाढव्यच. २०३१ मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, तरी शनीच्या कक्षेपलीकडेच राहील.

या पाहुण्यांना जवळून भेटायचं तर आधी तयार राहावं लागतं, कारण ते दिसेपर्यंत यान बांधायला वेळ उरत नाही. म्हणून युरोपीय आणि जपानी अवकाशसंस्था ‘कॉमेट इंटरसेप्टर’ तयार करत आहेत. ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबेल. कुठल्या धूमकेतूकडे झेपावायचं, हे ठरेल योग्य धूमकेतू सापडल्यावर.